स्प्राउट्स मिळाले तर, आणि नाही मिळाले तरी

ब्रसेल्स स्प्राउट्स हातोदच्या बाजारात मिळत नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आलेच तर ते इंदूरहून येतात. थंडीच्या दिवसांत एखाद्या मोठ्या दुकानाच्या थंड कपाटात प्लास्टिकच्या डब्यात बसलेले दिसतात, नाहीतर सुट्टीला घरी आलेली लेक नाहीतर सूनबाई "आई, हे बघा काय आणलंय" म्हणत पिशवीतून काढते. कोबीचे इवलेसे गड्डेच, हिरवे आणि घट्ट मिटलेले. मग घरातली जाणती बाई ते नेहमीच्या कोबीसारखे चिरते, हिंग-मोहरीची फोडणी देते, पाण्याचा हबका मारते आणि वर झाकण ठेवते. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरभर उग्र वास, कढईत मळकट हिरवा लगदा आणि प्रत्येकाच्या पानात एकेक उरलेला घास. त्या घरात पुन्हा स्प्राउट्सचं नाव निघत नाही.

यात भाजीचा काही दोष नाही. सगळं बिघडवलं ते झाकणाने आणि त्या हबक्याने.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल (आपल्या इंदूरकडे जिला गाठगोबी म्हणतात ती), ब्रोकोली आणि हे स्प्राउट्स वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी एकाच जातीत मोडतात, ब्रासिका ओलेरासिया. मोहरी यांची जवळची नातलग. या साऱ्या घराण्यात गंधक असलेली काही द्रव्यं असतात. मोहरी फेसली की नाकाला झोंबते, मुळा किसला की डोळ्यांत पाणी येतं, ते त्यांच्यामुळे. पान चिरलं की ही द्रव्यं फुटतात आणि तिखटपणा येतो. पण पाण्यात नाहीतर वाफेवर ती फार वेळ शिजत राहिली, तर पुढे आणखी मोडतात आणि सडक्या अंड्याची आठवण करून देणारा वायू सुटतो. जितका वेळ जास्त, तितका वास जास्त. इंग्लंडमध्ये नाताळच्या जेवणात हे स्प्राउट्स पिढ्यान् पिढ्या मऊ होईपर्यंत उकडले गेले आणि पिढ्यान् पिढ्या पोरांनी ते पानात टाकले, त्यामागचं कारण हेच.

थोडा कडूपणा मात्र मूळचाच होता. तो १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये बराच कमी झाला. कडू चव कोणत्या द्रव्यांची, हे तिथल्या संशोधकांनी शोधलं, मग बियाण्याच्या कंपन्यांनी ती द्रव्यं कमी असलेले जुने वाण धुंडाळले आणि त्यांचा आजच्या भरघोस वाणांशी संकर केला. त्यामुळे परदेशात लहानपणी स्प्राउट्स खाऊन तोंड वाकडं केलेल्या माणसाने आजचे चाखले तर त्याला ते वेगळे लागतील. भाजायची पद्धत आली आणि वाणही सुधारला, म्हणून ही भाजी हॉटेलांच्या यादीत चढली.

आता भाजण्यात होतं काय, ते एकदा समजून घेतलं की उरलेली कृती पाठ करायची गरज पडत नाही. भाजीत बरंच पाणी असतं. तिच्या अंगावर पाणी आहे तोवर तिचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, भट्टी कितीही तापलेली असो. आणि तपकिरी रंग, खरपूस वास, ती गोडसर चव, हे सगळं साधारण १४० अंशांच्या पुढे सुरू होतं. म्हणजे आधी पाणी उडायला हवं, तेही चटकन, आतला गाभा लगदा व्हायच्या आत. म्हणून भाजी कोरडी हवी, आच जोरदार हवी, तुकड्यांमध्ये मोकळी जागा हवी आणि वर झाकण नको. लेखात पुढे जे काही येईल ते या चार गोष्टींचाच विस्तार आहे.

स्प्राउट्स घेताना हातात धरून बघा. आकाराच्या मानाने जड लागले पाहिजेत. पानं घट्ट, रंग उजळ हिरवा, देठाकडचा काप पांढुरका. काप तपकिरी झालेला आणि बाहेरची पानं पिवळी असतील तर माल जुना आहे आणि शिळेपणाबरोबर वास वाढलेला आहे. लहान आकाराचे जास्त गोड आणि कोवळे. मोठे आले असतील तर चार फाका करा. घरी आणल्यावर न धुता फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. बर्फातले, म्हणजे फ्रोझन स्प्राउट्सही मिळतात. ते कारखान्यात थोडे वाफवलेले असतात, त्यामुळे ताज्यांसारखे कुरकुरीत होत नाहीत. तेच वापरायचे असतील तर वितळू देऊ नका, गोठलेलेच तापलेल्या ट्रेवर टाका आणि वेळ पाच-सात मिनिटं वाढवा.

धुण्याबद्दल. कोबीवर्गाच्या भाजीत मावा आणि अळी असायचीच. ढगाळ हवेत, विशेषतः मावठा पडून गेल्यावर, मावा फार. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, निथळा, आणि नंतर स्वच्छ पंचावर पसरून खरोखर कोरडे होऊ द्या. इथेच घाई होते. चाळणीत निथळलेली भाजी कोरडी नसते. पानांच्या घड्यांत पाणी दडून बसतं आणि ट्रेवर त्याची वाफ होते. सकाळी धुऊन पंचावर पसरून ठेवलेत आणि संध्याकाळी भाजलेत तर उत्तम.

देठाचा नुसता वाळलेला पापुद्रा सुरीने काढा. जास्त छाटलंत तर पानं सुटतात. बाहेरची सैल पानं काढून बाजूला ठेवा, टाकू नका. मग देठातून उभे दोन भाग करा, म्हणजे प्रत्येक अर्ध्या भागाला देठाचा तुकडा राहतो आणि तो पानांना धरून ठेवतो. आडवा काप घेतलात तर ट्रेवर सगळा पालापाचोळा होतो.

अर्धा किलो स्प्राउट्सना दोन मोठे चमचे तेल आणि पाऊण छोटा चमचा मीठ. एवढ्यात चार माणसांना तोंडी लावायला पुरतं. तेल कुठलं, यावर फार डोकं खाजवू नका. इंदूर भागात घरोघरी सोयाबीनचं रिफाइंड तेल असतं, ते चालतं. शेंगदाण्याचं अधिक चवदार. मोहरीचं तेल या भाजीला फार शोभतं, आधी म्हटल्याप्रमाणे ती घरचीच माणसं. घरचं कढवलेलं तूप छान चालतं. लोणी मात्र नको, त्यातला दुधाचा अंश करपतो. तेल हाताने चोळा, चमच्याने ढवळून ते सगळीकडे लागत नाही. मीठ अगदी ट्रे आत सारायच्या वेळी. मीठ लावून अर्धा तास ठेवलंत तर भाजीला पाणी सुटेल आणि पंचावरची सगळी मेहनत वाया जाईल.

ओटीजी असेल तर दोन्ही सळ्या चालू करून २२० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा, रिकामा ट्रे आतच ठेवून. ट्रे तापलेला असला की भाजी ठेवताक्षणी चर्र आवाज येतो आणि तिथूनच काम सुरू होतं. कापलेली बाजू खाली, एक थर, तुकड्या-तुकड्यांत बोटभर अंतर. घरगुती ओटीजीच्या ट्रेवर असे अर्धा किलो मावत नाहीत. दोन घाणे करा. एकावर एक रचले की खालचे वाफेवर शिजतात आणि पुन्हा तोच कोबी. पहिली पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मग एक तुकडा उलटून बघा. काप गडद सोनेरी झाला असेल तर सगळे हलवा, बाजूला ठेवलेली सैल पानं थेंबभर तेल लावून वर पसरा आणि आणखी पाच-सात मिनिटं. ती पानं पापडासारखी कडक होतात, कडा काळसर. माझ्या मते त्या ट्रेमधला सगळ्यात चांगला घास तोच, आणि तो टेबलापर्यंत क्वचितच पोचतो. झाल्याची खूण: देठात सुरीचं टोक सहज जावं, पण शेवटी किंचित अडावं.

एक गोष्ट ओटीजीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेली नसते. सळीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज २३०वरून १८०वर आलं तर सळी नेहमीच्या जेमतेम ६१ टक्के उष्णता देते. मग पुस्तकात लिहिलेल्या पंचवीस मिनिटांत भाजी फिकटच राहते आणि आपण स्वतःला दोष देत बसतो. अशा वेळी ओव्हन पंधराऐवजी पंचवीस मिनिटं तापवा, घाणा लहान करा आणि घड्याळापेक्षा रंग बघा. ओटीजीला १६ अँपिअरचा, जाड पिनचा प्लग लागतो. तो टीव्हीच्या बोर्डाला जोडून लावू नका. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हा पदार्थ होणार नाही, त्यात भाजी आतून उकडते. कन्व्हेक्शनची सोय असेल तर वापरा. एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं, पण सैल पानं त्यात टाकू नका, वाऱ्याने उडून सळीला चिकटतात.

ओटीजी नसेल तर? माळव्यात त्याची चिंता कशाला करायची! ज्या घरी दाल-बाफले होतात त्या घरी ओट्याखाली नाहीतर माळ्यावर ॲल्युमिनियमचा गॅसवरचा बाटी ओव्हन सापडतोच. गोल भांडं, आत जाळी, वर घुमटासारखं झाकण आणि झाकणाला वाफ जायची भोकं. वर्षातून आठ-दहा वेळा बाहेर निघतो आणि बाट्या झाल्या की परत माळ्यावर. त्यात भाजी फार सुरेख भाजली जाते, कारण आच खालून येते आणि आपली कापलेली बाजू खालीच असते. ओव्हन मोठ्या आचेवर दहा मिनिटं तापवा. जाळीवर स्टीलची पातळ ताटली ठेवा, पण ती जाळीपेक्षा दोन-तीन बोटं लहान हवी, कडेने गरम हवा वर आली पाहिजे. ताटलीला तेलाचा हात फिरवा, स्प्राउट्सचे अर्धे भाग मोकळे मांडा, आच मध्यम करा आणि झाकण ठेवा. भोकं पूर्ण उघडी. तीन-चार मिनिटांनी झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. झाकण उचला, फडक्याने आतून पुसून काढा आणि पुन्हा ठेवा. असं दोनदा करावं लागतं, आणि एवढ्या एका गोष्टीवर कुरकुरीत की पचपचीत याचा निकाल लागतो. अठरा-वीस मिनिटांत भाजी तयार.

गोवऱ्यांवर बाफले भाजणाऱ्यांसाठी तर वेगळी शेगडीही पेटवायला नको. बाफले बाहेर काढले की निखारे अजून जिवंत असतात. त्यांवर बिडाचा तवा ठेवा आणि तो तापला की भाजी मांडा. राखेत थेट घालायचा तो कांदा, लसणाचा अख्खा गड्डा, बटाटा, वांगं. कोबीवर्गाला राख नको, पानांत शिरलेली राख धुऊनही जात नाही.

साध्या गॅसवर बिडाचा तवा नाहीतर जाड बुडाची कढई चालते. तेल जरा सढळ, आच मध्यमच्या वर, कापलेली बाजू खाली. पाच-सहा मिनिटं ढवळायचं नाही. आपल्याला भाजी सारखी हलवत राहायची सवय असते, ती इथे आवरायची. काप तपकिरी झाला की दोन चमचे पाणी शिंपडून तीन मिनिटं झाकण. हो, इथे झाकण चालतं, कारण रंग आधी येऊन गेलेला आहे आणि आता फक्त गाभा शिजवायचा आहे. नंतर झाकण काढून पाणी आटेपर्यंत परता. क्रम उलटा केलात, आधी वाफ आणि नंतर रंग, तर भाजी मऊ होते आणि रंग काही येत नाही.

आता मसाला. भाजताना तेल-मीठ, बाकी सगळं नंतर. लाल तिखट २२० अंशांवर करपून कडू होतं. बारीक चिरलेला लसूणही करपतो, म्हणून लसूण हवा असेल तर सालीसकट अख्ख्या पाकळ्या ट्रेच्या कोपऱ्यात ठेवा. आतला गर लोण्यासारखा होतो, तो दाबून काढून भाजीत कालवा. रतलामकडच्या रियावनचा लसूण मिळाला तर त्याचा वास या भाजीला पुरून उरतो. गूळ किंवा मध लावायचा असेल तर शेवटची तीन मिनिटं, त्याआधी लावलात तर ट्रे घासायला भिजत घालावा लागेल.

बाहेर काढल्या काढल्या लिंबू आणि जीरावन. इंदूरकराला जीरावन सांगायची गरज नाही, पोह्यांवर आणि थंडीतल्या तळलेल्या गराडूवर पडतं तेच. भाजलेलं जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, हिंग, आमचूर, काळं मीठ, असा त्याचा कारभार. गंधकाच्या वासावर काळं मीठ आणि हिंग हे दोन्ही फार चांगले बसतात, कारण त्यांचा स्वतःचा वासही गंधकाचाच आहे. जीरावनात मीठ असतं हे लक्षात ठेवून भाजताना मीठ अर्धा छोटा चमचाच घाला. इंदूरच्या माणसाला यावर शेवही भुरभुरावीशी वाटणार. भुरभुरा बापडे, फक्त पान वाढल्यावर, आधी नाही.

मराठी वळण हवं असेल तर लहान कढल्यात चमचाभर तेलाची फोडणी करा. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची, आणि ती गरम फोडणी भाजलेल्या स्प्राउट्सवर ओता. वर जाडसर दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं. किंवा पौषात घरात तीळ असतातच, ते भाजून घाला. चिंचेचा दाट कोळ आणि गूळ एकत्र आटवून पळीभर लावला तर आमटीच्या चवीची ओळख असलेल्या जिभेला ही भाजी परकी वाटत नाही. चीज, बाल्सॅमिक व्हिनेगर वगैरे परदेशी पद्धती वाईट नाहीत, पण जी वस्तू आणायला इंदूर गाठावं लागतं तिच्यासाठी आणखी दोन वस्तू इंदूरहून आणायच्या, हे काही मला पटत नाही.

आणि मुख्य म्हणजे, या सगळ्यासाठी स्प्राउट्स असलेच पाहिजेत असं नाही. जो हातोदच्या ठेल्यावर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ढिगाने असतो तो कोबी घ्या. लहान, घट्ट गड्डा. देठातून उभ्या फाका करा, दोन-दोन बोटं जाड, प्रत्येक फाकेला देठ हवाच. दोन्ही बाजूंना तेल-मीठ चोळा आणि २२० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं, मध्ये एकदा उलटा. कडा काळपट आणि कुरकुरीत, मध्ये गोड आणि मऊ. स्प्राउट्सपेक्षा हीच मला जास्त आवडते, आणि पैसे तर चिल्लरमध्ये. फ्लॉवरचे तुरे करताना प्रत्येकाला एक सपाट काप द्या, म्हणजे तो ट्रेला टेकेल. गोल तुरा एका बिंदूवर टेकतो आणि तेवढाच भाजतो. पंचवीस मिनिटं पुरतात. हा फ्लॉवर आज आपल्याला घरचा वाटतो, पण तो हिंदुस्थानात आला १८२२मध्ये, सहारणपूरच्या कंपनी बागेत. गाठगोबी सोलून बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा, तीस मिनिटं. ब्रोकोली पंधरा मिनिटांतच होते, जास्त ठेवली तर तुऱ्यांची टोकं जळतात.

हिवाळा संपत आला की बटाट्याकडे वळा. इथे आपण जगाच्या पुढे आहोत. केंद्र सरकारच्या 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत इंदूर जिल्ह्याच्या वाट्याला बटाटाच आला आहे. माळव्याच्या काळ्या मातीतला बटाटा चिप्सच्या कारखान्यांना हवा असतो, कारण त्यात साखर कमी आणि घन अंश जास्त. साखर जास्त असलेला बटाटा तापवला की आतपर्यंत शिजायच्या आधीच बाहेरून काळा पडतो आणि कडवट लागतो. चिप्सला जे नको तेच भाजलेल्या बटाट्यालाही नको. तेव्हा शेतकऱ्याच्या ओळखीने चिप्सोना किंवा एलआर जातीचा बटाटा मिळाला तर भाजायला तोच घ्या. ज्योतीही चालतो. शीतगृहातून आलेला बटाटा असेल तर थंडीने त्यातल्या पिष्टाची साखर झालेली असते. तो घरात अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन आठवडे ठेवला की साखर बरीच उतरते. घरच्या फ्रिजमध्ये तर बटाटा ठेवूच नका, तिथेही तेच होतं.

मध्यम बटाट्याचे सालीसकट चार तुकडे करा. पाण्यात मीठ आणि लिटरमागे अर्धा छोटा चमचा खायचा सोडा घालून आठ मिनिटं उकळा. सोड्याने बाहेरचा थर भुसभुशीत होतो. पाणी काढून, तुकडे पातेल्यातच कोरडे होऊ देऊन, झाकण धरून पातेलं दोन-तीनदा जोरात हलवा. पृष्ठभाग खरवडल्यासारखा झाला पाहिजे, तोच नंतर कडक कवच होतो. मग सढळ तेल आणि २२० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. सोनेरी झाले की थांबा. फार गडद केले तर चवही जाते आणि तब्येतीलाही ते बरं नाही.

स्प्राउट्स घरच्या बागेत लावता येतील का, हा प्रश्न हौशी माणूस विचारणारच. भारतात ते हिमाचलच्या डोंगरांत आणि निलगिरीत होतात. या पिकाला लांबलचक थंडी लागते, रोप लावल्यापासून तीन-चार महिने. माळव्याच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत रात्री छान गारठा असतो, पण दुपारी ऊन तापतं, आणि फेब्रुवारी संपता संपता थंडी हात वर करते. उकाड्यात गड्डे घट्ट मिटत नाहीत, उघडे, फुलल्यासारखे राहतात. दोन-चार कुंड्यांत गंमत म्हणून लावा, ऑगस्टच्या शेवटी बी टाकून. उघडे राहिले तरी ती पानं भाजायला उत्तमच. शेतात पैसे घालून लावायचा हा माल नव्हे.

पानात याची जागा कुठली? रोजच्या वरण-भात-पोळीला ही कोरडी भाजी म्हणून चालते, पण तिची खरी मजा तुपाने निथळणाऱ्या जेवणात. दाल-बाफल्याच्या पंगतीत दाल, लाडू, कढी, लसणाची चटणी सगळं जड, सगळं तुपातलं. तिथे लिंबू पिळलेली, किंचित कडू, किंचित करपट चव जिभेला सोडवते आणि पुढचा बाफला खाली उतरतो. गरम असतानाच वाढा. दहा मिनिटांत कुरकुरीतपणा उतरायला लागतो, म्हणून पानं घ्यायला बसल्यावरच ट्रे बाहेर काढायचा. पाहुण्यांसाठी करत असाल तर दुपारी तीन चतुर्थांश भाजून ट्रेवरच उघडे ठेवा आणि ऐनवेळी मोठ्या आचेवर सहा-सात मिनिटं द्या.

घरात कुणी वडीलधारं माणूस रक्त पातळ करण्याची वॉरफरिनसारखी गोळी घेत असेल तर एक काळजी. या भाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते त्या गोळीच्या उलट काम करतं. खायचीच नाही असं नसतं, पण एका दिवशी वाटीभर आणि मग महिनाभर काहीच नाही, असं करू नये. डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवून घ्यावं.

उरली तर झाकणाच्या डब्यात गरम गरम भरू नका, घाम सुटून मऊ पडते. पूर्ण गार होऊ द्या, मग फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तव्यावर कोरडीच परतून घ्या, मायक्रोवेव्हमध्ये घातली तर कालचा उग्र वास परत येतो. बारीक चिरून सकाळच्या पोह्यांत कांद्याबरोबर घातली तर छान लागते. थालीपीठाच्या पिठातही कालवता येते, फक्त पाणी जरा कमी घाला.